केसपेपर नावाचं नवल

सकाळचे नऊ वाजलेत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खिडकीपाशी रांग लागली आहे. आतून प्रश्न येतो, "नाव? वय? गाव?" बाहेरून उत्तर जातं आणि हातात एक कागद पडतो. केसपेपर. वर नाव, वय, गाव, तारीख. खाली तक्रार, तपासणी, निदान आणि औषधं यांच्यासाठी जागा. तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर जातो, तिथून औषधाच्या खिडकीवर, तिथून घरी. घरी गेल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत, जुन्या वीजबिलांच्या आणि रेशनकार्डाच्या सोबतीला.

यात नवल ते काय?

नवल असं, की या कागदावरचा एकेक रकाना कुणीतरी शोधून काढलेला आहे. काही रकाने हजारो वर्षांपूर्वीचे, काही शंभर वर्षांपूर्वीचे, काही आपल्या आजोबांच्या काळातले. हे रकाने एकमेकांना धरून काम करतात. सगळे भरले तर तो कागद एका माणसाचा जीव वाचवतो, आणि असे हजार कागद एकत्र आले तर अख्ख्या तालुक्यातली साथ पकडतो. एखादा कोरा राहिला की पुढचं सगळं अडतं.

आधी हे काम किती अवघड आहे ते पाहू. सरकारी निकषानुसार सपाट प्रदेशात साधारण ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं, तर डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक. मग एका रुग्णाच्या वाट्याला डॉक्टरांचा किती वेळ येणार? २०१७ साली ६७ देशांमधल्या माहितीचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये रुग्ण-डॉक्टर भेट सरासरी साडेबावीस मिनिटांची. बांगलादेशात ४८ सेकंदांची! जगातली जवळपास निम्मी माणसं ज्या देशांत राहतात, तिथे रुग्ण आणि डॉक्टर यांची भेट पाच मिनिटांत किंवा त्याच्याही आत उरकते. तेवढ्यात ऐकायचं, तपासायचं, ठरवायचं, समजावून सांगायचं आणि वर लिहायचंसुद्धा. लिहिणं सगळ्यात शेवटी येतं, म्हणून वेळेची काटछाटही सगळ्यात आधी तिथेच होते.

आता चला इजिप्तला. १८६२ साली लक्सरमध्ये एडविन स्मिथ नावाच्या एका अमेरिकन माणसाने पपायरसचं जुनं भेंडोळं विकत घेतलं. आत काय आहे ते जगाला नीट कळायला १९३० साल उजाडलं. ते होतं सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी लिहिलेलं वैद्यकीय टिपण. त्यात ४८ रुग्णांची वर्णनं आहेत. कवटीपासून सुरुवात आणि मग क्रमाने खाली मान, खांदा, छाती, पाठीचा कणा. मंत्रतंत्र जवळपास नाहीतच. प्रत्येक वर्णनाचा क्रम ठरलेला: आधी दुखापत कसली, मग तपासताना काय दिसलं, मग निदान, मग उपचार. निदानासोबत वैद्याचा कौलही असे. या दुखण्यावर मी उपचार करीन, किंवा याच्याशी झुंजून पाहीन, किंवा याला उपचार नाही.

पुन्हा एकदा तो क्रम पाहा. दुखापत, तपासणी, निदान, उपचार. तुमच्या पिशवीतला केसपेपर काढा आणि जुळवून पाहा. छत्तीसशे वर्षांत क्रम बदललेला नाही!

याहून मोठी गंमत शेवटच्या, म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या रुग्णापाशी आहे. तिथे लेखनिकाचा हात वाक्याच्या मध्येच थांबला. पुढे कोरी जागा. कुणी हाक मारली, दिवस मावळला की आणखी काही घडलं, कुणास ठाऊक. म्हणजे पद्धतशीर वैद्यकीय नोंदींचा हा इतका जुना नमुनासुद्धा अपुराच राहिलेला आहे.

ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी यात आणखी एक भर घातली: दिवस. पहिल्या दिवशी ताप, दुसऱ्या दिवशी घाम, तिसऱ्या दिवशी बरळणं, असा तारीखवार आलेख. त्यांच्या 'एपिडेमिक्स' या ग्रंथाच्या पहिल्या आणि तिसऱ्या भागात अशा ४२ रुग्णांची हकीकत आहे. त्यात एक फिलिस्कस आहे, तटबंदीजवळ राहणारा. म्हणजे पत्त्याचा रकानाही आलाच! आणि या ४२ पैकी २५ जण दगावले, हेही त्यांनी लिहून ठेवलं. कोणता वैद्य आपलं अपयश असं उघड्यावर मांडेल? पण त्यांनी मांडलं. शेवट काय झाला, हा रकाना पूर्ण नोंदीचा सगळ्यात प्रामाणिक रकाना, आणि आजही सगळ्यात जास्त वेळा कोरा राहणारा. ओपीडीतून औषध घेऊन गेलेला माणूस पुढे बरा झाला की नाही, हे किती कागदांवर सापडतं?

यानंतर एक साधी, पण फार मोठी अडचण उभी राहते. नोंद लिहिली खरी. ती सापडणार कशी?

वाण्याच्या दुकानात दोन वह्या असतात. रोजमेळात आजचे सगळे व्यवहार एकाखाली एक. खातेवहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान वेगळं. रोजमेळ पाहून आजचा गल्ला कळतो, पण पाटलांची सहा महिन्यांची उधारी कळायला खातेवहीच लागते. डॉक्टरांचा कारभार शतकानुशतकं नुसत्या रोजमेळावर चालला होता. अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकमध्येसुद्धा प्रत्येक डॉक्टरची आपापली जाडजूड वही असे. तोच रुग्ण दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, की जुनी माहिती कुठल्यातरी वहीच्या कुठल्यातरी पानात गाडलेली असायची. हेन्री प्लमर नावाच्या डॉक्टरांना हे खटकलं. १९०७ च्या जुलैमध्ये त्यांनी नवी पद्धत सुरू केली. प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक, आणि त्या क्रमांकाची एकच फाइल. डॉक्टर कितीही बदलोत, फाइल तीच. एका क्रमांकाने केवढं काम केलं पाहा! सुटे सुटे प्रसंग जोडले गेले आणि माणसाच्या आजाराला गोष्टीसारखी सुरुवात आणि मध्य मिळाले.

आपल्याकडे ओपीडीचं रजिस्टर हा अजूनही रोजमेळच आहे. तारीख, अनुक्रमांक, नाव, गाव, निदान, औषध. आज किती ताप आले, किती खोकले आले, हे त्यातून चटकन निघतं. पण मागच्या आठवड्यात ताप घेऊन आलेली बाई आज पुन्हा आली आहे का? रजिस्टर गप्प बसतं. ते फक्त तिच्या हातातला केसपेपर सांगू शकतो, आणि तोही तिने आणला असेल तरच.

नोंद पूर्ण असावी, हा नियम व्हायलाही एक धक्का बसावा लागला. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने रुग्णालयांसाठी जेमतेम पानभर मजकुराचा किमान दर्जा ठरवला. त्यात एक अट होती, की प्रत्येक रुग्णाची अचूक आणि पूर्ण नोंद लिहिलेली असावी आणि ती हवी तेव्हा सापडावी. मग शंभर किंवा त्याहून अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी झाली. किती रुग्णालयं पास झाली असतील? फक्त ८९. नापासांच्या यादीत देशातली नामांकित रुग्णालयंही होती. १९१९ साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हॉटेलात बैठक भरली होती. ही यादी वर्तमानपत्रांच्या हाती लागू नये म्हणून ती हॉटेलच्याच भट्टीत जाळून टाकण्यात आली! नोंदींच्या अपुरेपणाची नोंदही उरली नाही. पण नियम उरला, आणि हळूहळू जगभर पसरला.

नियम आला तरी मजकूर विस्कळीतच होता. तो सुधारला लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी. वीड प्रयोगशाळेतून आलेले होते. प्रयोगशाळेच्या वहीत शिस्त असते: काय पाहिलं, त्यातून काय वाटलं, पुढे काय करायचं. रुग्णाच्या फाइलमध्ये मात्र सगळी सरमिसळ. १९६८ साली त्यांनी आपली पद्धत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मांडली. नोंदीचे चार भाग करा. रुग्ण काय सांगतो ते पहिलं. डॉक्टरला काय दिसतं, मोजमापात काय येतं ते दुसरं. त्यावरून काय वाटतं ते तिसरं. आता काय करायचं ते चौथं. इंग्रजी आद्याक्षरं जोडून या पद्धतीला 'सोप' म्हणतात आणि आज जगभरातले वैद्यकीय विद्यार्थी ती शिकतात.

दिसायला साधी, पण तिची ताकद पाहा. समजा केसपेपरवर एवढंच लिहिलं आहे: 'खोकला' आणि खाली गोळ्यांची दोन नावं. पंधरा दिवसांनी वेगळे डॉक्टर ड्यूटीवर आहेत. त्यांना यातून काय कळणार? खोकला किती दिवसांचा होता? ताप होता? वजन घटलं होतं? छातीला नळी लावली तेव्हा काय ऐकू आलं? पहिल्या डॉक्टरांना नेमकी कसली शंका होती? काहीच कळत नाही. आता चारही भाग भरून पाहू. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी ताप. वजन ४१ किलो, मागच्या वेळी ४४. क्षयाची शंका. थुंकीची तपासणी सांगितली, दोन दिवसांनी बोलावलं. फार तर चार ओळी वाढल्या, पण दुसऱ्या डॉक्टरांना पहिल्यांचं डोकंच हातात मिळालं! नवा माणूस शून्यापासून सुरुवात न करता जिथे काम थांबलं होतं तिथून पुढे निघतो.

मग सगळे कागद पूर्ण का नसतात? डॉक्टर-नर्सेस आळशी असतात म्हणून? थोडं गणित करू या. फार सोपं आहे.

समजा केसपेपरवर बारा रकाने आहेत. भरणारी माणसं अगदी दक्ष आहेत. कुठलाही एक रकाना शंभरातल्या ९५ वेळा भरलाच जातो. शंभरात ९५! परीक्षेत एवढे मार्क पडले तर पेढे वाटले जातील. मग शंभर कागदांपैकी बाराच्या बारा रकाने भरलेले कागद किती निघतील? घाईत पाच-दहा कागद अपुरे राहतील असं वाटतं. पण चुका वेगवेगळ्या कागदांवर विखुरतात, म्हणून ९५ टक्के बारा वेळा गुणावे लागतात, आणि उत्तर येतं ५४. जवळजवळ निम्मे कागद अपुरे! दक्षता ९० टक्क्यांवर आली तर पूर्ण कागद उरतात फक्त २८. ९९ टक्क्यांवर गेली तरी ८९. म्हणून 'पूर्ण नोंद' ही कसोटी इतकी कठोर आहे. एका रकान्यातली किंचित ढिलाई सगळ्या कागदावर गुणाकाराने वसूल होते.

यातून कामाचा धडा मिळतो. रकाने वाढवत नेले की नोंद अधिक पूर्ण होत नाही, उलट अपुरी होते. थोडे रकाने ठेवा, पण ज्यांच्यावाचून अडतं तेच ठेवा.

ते कोणते? एकेक घेऊ.

वजन. लहान मुलाला पॅरासिटामॉल द्यायचं तर ते वयावर नाही, वजनावर ठरतं: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. वजनाचा रकाना कोरा म्हणजे औषधाचं प्रमाण अंदाजाने.

तारीख. कुत्रा चावलेला माणूस येतो. रेबीजची लस कातडीत द्यायची तर ती पहिल्या दिवशी, म्हणजे शून्याव्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सगळी मोजणी शून्याव्या दिवसापासून. ती तारीख लिहिलेली नसेल तर पुढचा डोस कधी, हे सांगणार कोण? गरोदर बाईचंही तसंच. शेवटच्या पाळीची एक तारीख, त्यात २८० दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख. पुढच्या तपासण्या, इंजेक्शनं, बाळाची वाढ वयाप्रमाणे आहे का, बाळ दिवसांआधी आलं का, ही सगळी उत्तरं त्या एका तारखेवर उभी आहेत.

ॲलर्जी. या रकान्यात सगळ्यात सूक्ष्म पेच दडलेला आहे. तो कोरा आहे. अर्थ काय? रुग्णाला विचारलं आणि त्याला कसलीच ॲलर्जी नव्हती? की विचारलंच नाही? की विचारलं, त्याने पेनिसिलीन म्हणून सांगितलं, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी हाक मारल्याने लिहायचं राहून गेलं? एकाच कोऱ्या जागेचे तीन अर्थ, आणि त्यातला एक जीवघेणा. यावर उपाय आपल्या सरकारी कचेऱ्यांना केव्हाचा माहीत आहे. नोंदवण्यासारखं काही नसेल तिथे रकाना मोकळा सोडायचा नाही, 'निरंक' लिहायचं. तो एक शब्द लिहिला की तीनातले दोन अर्थ गळून पडतात. वाचणाऱ्याला कळतं, की इथे कुणीतरी थांबून विचारलं होतं.

पण भरलेला रकाना म्हणजे खरा रकाना, असंही नाही. आणि खोटेपणा पकडण्याची युक्ती ऐकून तुम्ही थक्क व्हाल. रक्तदाब मोजायच्या पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या रेघा असतात. म्हणजे वाचलेल्या आकड्याच्या शेवटी ०, २, ४, ६ किंवा ८ यायला हवेत, आणि नीट वाचलं तर प्रत्येक अंक साधारण पाचातून एकदा. आता कुठल्याही दवाखान्याचं रजिस्टर उघडा: १२०/८०, १३०/८०, १४०/९०, ११०/७०. शून्यांची रांग! लोकांचं रक्त काही दहाच्या पाढ्यात वाहत नाही. आकडा यंत्रावरून कमी आणि सवयीने जास्त आला आहे, हे रुग्णाला न पाहताच कळलं. वयाच्या रकान्याचंही तेच. आपल्या जनगणनेतही शून्य आणि पाचने संपणाऱ्या वयांपाशी माणसांचे ढीग दिसतात. खरं वय माहीत नसलं की माणूस पन्नास सांगतो, पंचावन्न सांगतो. त्रेपन्न कोण सांगणार? लोकसंख्याशास्त्रज्ञांनी हा ढीग मोजायची सूत्रं बसवली आहेत. म्हणजे चुकीची नोंदसुद्धा, भरपूर जमली की, स्वतःची चूक स्वतःच कबूल करते.

आणि गाव? तो रकाना तर निव्वळ पोस्टाच्या सोयीचा वाटतो ना? मग विल्यम पिकल्स यांना भेटा. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या वेन्स्लीडेल खोऱ्यातले साधे गावडॉक्टर. प्रयोगशाळा नाही, संशोधनाचा निधी नाही. खोऱ्यातली हजारांत मोजण्याजोगी वस्ती, आणि कोण कुणाच्या घरी जातं हे डॉक्टरांना तोंडपाठ. ते प्रत्येक संसर्गजन्य आजाराची नोंद ठेवत: कोण, कुठल्या गावचा, लक्षण कधी सुरू झालं, त्याआधी कुणाशी संबंध आला. १९२९ च्या सुमारास खोऱ्यात काविळीची साथ आली आणि अडीचशेहून अधिक माणसं आजारी पडली. पिकल्स यांनी एका मुलीला सकाळी अंथरुणावर तपासलं होतं. तीच मुलगी दुपारनंतर उठून गावच्या जत्रेला गेली! पुढे जत्रेला गेलेल्यांपैकी काही जण आजारी पडले, आणि तारखा जुळवताच एक गोष्ट लख्ख दिसली. संसर्ग आणि कावीळ यांच्यामध्ये साधारण २६ ते ३५ दिवस जातात. विषाणू कुणी पाहिलेला नसताना, नुसत्या नाव, गाव, तारीख या तीन रकान्यांतून आजाराचा छुपा मुक्काम मोजला गेला. १९३९ साली त्यांचं यावरचं पुस्तक आलं, आणि पुढे ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिशनर्सच्या कॉलेजचे ते पहिले अध्यक्ष झाले.

हीच किमया आपल्याकडेही घडवायचा प्रयत्न असतो. २००४ साली सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात तीन नमुने ठरले. आरोग्य कर्मचारी लक्षणांवरून भरतात तो 'एस', डॉक्टर संभाव्य निदानावरून भरतात तो 'पी', प्रयोगशाळा भरते तो 'एल'. एका वाडीतून एकाच आठवड्यात जुलाबाचे पंधरा रुग्ण आले, तर त्या पंधरांपैकी कुणालाच साथ दिसत नाही. प्रत्येकाला आपलं पोट दिसतं. डॉक्टरांनाही गर्दीत ते पंधरा जण सुटेसुटेच भेटतात. साथ दिसते ती फक्त रजिस्टरला, आणि तीही गावाचा रकाना भरलेला असेल तरच. मग पाइपलाइन कुठे फुटली आहे ते शोधायला माणूस निघतो.

नोंद पूर्ण ठेवायला मोठं शिक्षणच लागतं का? गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने याचं उत्तर दिलं. तिथे गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांनी नवजात बाळांच्या घरी जाऊन नोंदी केल्या. वजन, तापमान, श्वास, दूध ओढतं की नाही, आणि हे जन्मापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत पुन्हा पुन्हा. तोवर ही बाळं कुठल्याच ओपीडीच्या रजिस्टरात नव्हती. घरात जन्मायची, घरातच आजारी पडायची आणि कागदावर न येताच जायची. नोंदी झाल्या आणि उघड झालं, की निम्म्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज होती आणि ते मिळत होते अगदी मोजक्यांना. मग त्याच बायकांना उपचार शिकवले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. उपचार नंतर आले. आधी आली ती पूर्ण नोंद.

आता सगळ्यात अद्भुत गोष्ट. चांगली नोंद आलेल्या रुग्णाबद्दल सांगतेच, पण न आलेल्याबद्दलही सांगते! क्षयरोगासाठी ही कल्पना कारेल स्टिब्लो यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस टांझानियात बसवली. दर तीन महिन्यांत नोंदवलेल्या सगळ्या रुग्णांचा एक गट धरायचा आणि पुढे त्या गटातल्या प्रत्येकाचा हिशेब द्यायचा. बरा झाला, उपचार पूर्ण केले, उपचार फसले, वारला, दुसरीकडे गेला किंवा मध्येच सोडून गेला. बेरीज मूळ संख्येशी जुळलीच पाहिजे. एकही माणूस हवेत विरता कामा नये. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या 'डॉट्स' धोरणात हीच पद्धत जगभर गेली.

रक्तदाबाला तर तिची फारच गरज. रक्तदाब दुखत नाही, म्हणून माणूस गोळ्या संपल्या की येतच नाही. २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले काही जिल्हे सुरुवातीपासून होते. तिथे प्रत्येक रुग्णाचं उपचार कार्ड केंद्रातच राहतं. त्यावर फार काही नाही: दाब किती, गोळी कोणती, पुन्हा कधी यायचं. महिना उलटला आणि कार्ड जागचं हललं नाही, की आरोग्य सेविकेला कळतं, यांना फोन करायला हवा. कोऱ्या राहिलेल्या रकान्याने इथे कुणाला तरी हाक मारली!

मग नेहमीचा केसपेपर केंद्रात का राहत नाही? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल झालेल्या रुग्णांची कागदपत्रं तीन वर्षं जपून ठेवायची असतात, आणि मागितली तर ७२ तासांत द्यायची असतात. हा नियम आंतररुग्णांपुरता बोलतो. बाह्यरुग्णाचा कागद बहुधा त्याच्याच हातात जातो. ब्रिटनने १९११ च्या विमा कायद्यानंतर दुसरी वाट धरली. प्रत्येक रुग्णाच्या कागदांचं एक पाकीट, डॉक्टर बदलला की पाकीटही नव्या डॉक्टरकडे. त्या कायद्यामागचे मंत्री लॉइड जॉर्ज यांच्या नावाने ओळखलं जाणारं ते पाकीट सुमारे शतकभर टिकलं.

आपल्याकडे आता १४ अंकी 'आभा' क्रमांक आला आहे. हा क्रमांक देणारं आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ च्या सप्टेंबरमध्ये देशभर सुरू झालं. उद्देश तोच, १९०७ मधला प्लमर यांचा: एक माणूस, एक क्रमांक, एक सलग कहाणी, फक्त आता ती गावोगाव सोबत येणारी. संगणक कागद हरवू देत नाही, अक्षर वाचता येतं, आणि रकाना कोरा असेल तर पुढे जाऊ देत नाही. पण अडवलं म्हणून माणूस खरंच विचारतो का? कित्येकदा एक टिंब टाकून पुढे जातो. रकाना भरला, संगणक खूश, आणि नोंद मात्र अपुरीच. पपायरसपासून पडद्यापर्यंत एक गोष्ट बदललेली नाही: कुणीतरी विचारावं लागतं आणि कुणीतरी सांगावं लागतं.

ते सांगणारे आपण. म्हणून पुढच्या वेळी ओपीडीत जाल तेव्हा जुना केसपेपर बरोबर न्या. वय अंदाजाने नका सांगू, जन्मसाल सांगा. गावाबरोबर वाडीचं, वस्तीचं नाव सांगा. दुखणं कधी सुरू झालं, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, कोणतं औषध सोसत नाही, हे तुम्हाला विचारलं नाही तरी सांगा. आणि टेबलावरून उठण्याआधी एकदा कागदाकडे पाहा. ॲलर्जीचा रकाना कोरा असेल तर अगदी नम्रपणे म्हणा, "डॉक्टर, एवढं लिहिता का?" त्याला दहा सेकंद लागतील. त्याहून स्वस्त औषध अजून निघालेलं नाही.